सतत गैरहजर

(मार्च १९९६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला होता 'माहिती तंत्रज्ञान आणि उद्याचं जग'. मी गेली बावीस वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे हिला तेवढंच येत असणार असा त्यांचा समज. तो फारसा चुकीचा नाही. पण मी आज वेगळ्याच गोष्टीवर बोलणार आहे. त्याची परवानगी मी कालच फोनवर घेतली, तेव्हा संयोजक म्हणाले, "बोल बाई, पण जेवणाच्या आधी संपव." तेवढं मी नक्की करीन.

या मेळाव्यासाठी माझ्याकडे एक काम होतं. यादी करायचं. कोण कुठे आहे, कुणाचा नंबर काय, कोण येणार, कोण नाही. मी दहावीच्या हजेरीपटावरून ५२ नावं घेतली आणि कामाला लागले. फोन केले, भावांकडून, मेहुण्यांकडून, दुकानांच्या पाट्यांवरून नंबर काढले. तीन महिन्यांत ४९ जण सापडले. दोघं या जगात नाहीत, त्यांना आपण मघाशी श्रद्धांजली वाहिली. एकाचाच पत्ता लागला नाही. मला माझाच अभिमान वाटला. ५२ पैकी ५१ चा हिशेब लागला म्हणजे काम फत्ते.

मग एक-दोघांच्या जन्मतारखा तपासायला मी शाळेच्या ऑफिसात गेले. क्लार्कभाऊंनी जनरल रजिस्टर काढून दिलं. मोठं, लाल कापडाच्या पाठीचं, पानं पिवळी पडलेली. सहज म्हणून मी आपली पाचवी उघडली. जून १९९०. तिथं ६८ नावं होती. त्यातली दहावीपर्यंत पोचली ४९. आपल्या ५२ मधले तिघं नंतर आले. म्हणजे पाचवीला आपल्याबरोबर बसलेली १९ मुलं मधेच कुठेतरी गळाली, आणि तीन महिने यादी करताना त्यांच्यातलं एकही नाव मला आठवलं नव्हतं.

आमच्या धंद्यात असं होतं. प्रोग्रॅम बरोबर चालतो, उत्तरही बरोबर येतं, फक्त सुरुवातीला घेतलेली माहितीच अपुरी असते. माझ्या यादीचं तसंच झालं होतं. मी दहावीपासून मोजायला सुरुवात केली, म्हणून सगळे सापडले.

त्या रजिस्टरात एक रकाना असतो, 'शाळा सोडल्याचे कारण'. मी त्या १९ नावांसमोरचा तो रकाना वाचला. सात ठिकाणी 'पालकांचे स्थलांतर'. तीन ठिकाणी 'पालकांच्या विनंतीवरून'. आणि नऊ ठिकाणी दोनच शब्द : 'सतत गैरहजर'.

त्या नऊ जणांत एक माझी बाकावरची मैत्रीण होती. पाचवी ते आठवी आम्ही एका बाकावर बसलो. तिचं नाव मी सांगणार नाही, तिनंच सांगू नको म्हटलंय. मागच्या रांगेतल्या काहींनी ओळखलं असेल. गणितात ती माझ्या पुढे होती. पुढे म्हणजे थोडीफार नव्हे. मी वहीत मांडून उत्तर काढायची, ती फळ्याकडे बघून सांगायची. आणि तिच्या नावापुढे लिहिलंय 'सतत गैरहजर'.

ती गैरहजर का होती ते मला माहीत आहे. तिचे वडील मागावर होते. कारखान्याच्या मागे मालकाचीच एक खोली होती, तिथं ते पाच जण राहायचे. आपल्या इचलकरंजीत तेव्हा असं सर्रास असायचं, काम आणि खोली एकाच माणसाच्या हातात. आम्ही आठवीत असताना मालकानं माग विकले. काम गेलं, त्याच आठवड्यात खोलीही गेली. दिवाणजीकडे उचलीची बाकी होती, ती शेवटच्या पगारातून वळती झाली. हातात काही उरलं नाही. महिनाभर ते लोक नदीकडेला एका ओळखीच्याच्या पत्र्यात राहिले. तिथून शाळा लांब, आणि धाकट्या भावाला बघायला घरी कुणी नाही. मग आईचं माहेर निपाणीकडे, तिकडे गेले. तिथल्या शाळेनं दाखला मागितला. दाखला आणायला तिची आई दोनदा एसटी बदलून इथं आली. एकदा संबंधित माणूस रजेवर होता. दुसऱ्यांदा परीक्षा फीची बाकी निघाली, ती भरून उद्या या म्हणून सांगितलं. उद्या येणं म्हणजे आणखी एका दिवसाची मजुरी बुडणार आणि जायचं-यायचं भाडं. त्या माऊलीची तिसरी खेप झालीच नाही. माझी मैत्रीण विड्या वळायला बसली. तेव्हा ती तेरा वर्षांची होती.

मी इथं कुणावर ठपका ठेवत नाही. सरांना, बाईंना तेव्हा कुणी हे सांगितलंच नसेल. पण मी तिच्या शेजारी बसत होते. मला माहीत होतं आणि मीही कुणाला सांगितलं नाही. असल्या गोष्टी सांगायच्या असतात हेच आपल्याला ठाऊक नव्हतं. घरची अडचण घरात ठेवायची असं आपल्याला शिकवलेलं.

आता दुसरी गोष्ट, जी मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. त्याच वर्षी आमचीही खोली जाता जाता राहिली. माझे वडील सायझिंगला होते, आई कांड्या भरायची. वडिलांना कावीळ झाली आणि ते चार महिने घरी बसले. चार महिन्यांचं भाडं थकलं, ६०० रुपये. घरमालकीण आजी एके दिवशी दारात आल्या. मला वाटलं, आता झालं. त्या आईला म्हणाल्या, "पोरींची परीक्षा हुईस्तोवर मी काय मागत न्हाई. मग बघू." एवढंच. आजींना हिशेब येत नव्हता असं नाही, त्यांचं घर त्या भाड्यावरच चालायचं. तरी त्या थांबल्या. वडील बरे झाले, कामावर गेले आणि दर आठवड्याला थोडंथोडं करून ते पैसे फिटले.

मी हुशार होते, कष्ट केले, म्हणून इंजिनिअर झाले, असं मी कितीतरी वर्षं समजत आले. परवा त्या रजिस्टरासमोर बसल्यावर मला कळलं की आम्हा दोघींतला फरक ६०० रुपये आणि एक म्हातारी बाई, एवढाच होता. कष्ट तिनंही केले. जास्तच केले.

म्हणून आज मला बोलायचंय ते यावर. अडचणीतल्या कुटुंबाला हात द्यायचा म्हणजे नेमकं काय करायचं? मी याबाबतीत तज्ज्ञ नाही. गेली आठ वर्षं आम्ही सात-आठ जण पुण्यात आमच्या भागातल्या एका महापालिका शाळेजवळ रविवारी सकाळी दोन तास बसतो. संस्था नाही, नाव नाही, फक्त एक टेबल, चार खुर्च्या. लोक कागद घेऊन येतात. त्यातून जे शिकले ते सांगते. आणि सुरुवात माझ्या फजितीपासून करते.

पहिल्याच वर्षी एक सातवीतला मुलगा आला. वडील बांधकामावर, मराठवाड्यातून आलेले. मुलगा चुणचुणीत. मी त्याच्या क्लासची फी भरली आणि अभ्यासासाठी एक टॅबलेट घेऊन दिला. दीड महिन्यानं कळलं की टॅबलेट विकला. मला भयंकर राग आला. मी त्यांच्या खोलीवर गेले आणि त्याच्या आईला बोलले, जरा जास्तच बोलले. ती शांतपणे म्हणाली, "ताई, शिकायला आधी घर लागतंय ना. दोन महिन्यांचं भाडं तटलं होतं." मी काही न बोलता परत आले. पुढच्या महिन्यात गेले तर खोलीला दुसऱ्याच माणसाचं कुलूप. ते लोक कुठे गेले ते कुणालाच माहीत नव्हतं. तो मुलगा मला पुन्हा भेटला नाही.

मी त्याला चाचणीत किती मार्क पडले ते चार वेळा विचारलं होतं. या महिन्याचं भाडं दिलं का, हे एकदाही विचारलं नव्हतं. आता आमच्या टेबलावर तो पहिला प्रश्न असतो.

कारण घर, पैसा आणि शाळा या तीन वेगळ्या अडचणी नसतात. आपण त्या वेगळ्या समजतो, कारण त्यांची ऑफिसं वेगळी असतात. घरात ती एकच अडचण असते आणि ती गोल फिरते. आजारपण आलं की मजुरी बुडते, मजुरी बुडली की भाडं तटतं, भाडं तटलं की खोली बदलते, खोली बदलली की शाळा लांब पडते, मूल चार दिवस घरी राहतं, मग आठ दिवस, मग त्या रकान्यात दोन शब्द. हा फेरा कुठेतरी अडवायचा असतो. आणि जितका लवकर अडवाल तितका स्वस्तात अडतो. त्या मुलाच्या घरी दोन महिन्यांचं भाडं मी वेळेवर दिलं असतं तर टॅबलेटच्या निम्म्या पैशात काम झालं असतं.

घराचं आधी सांगते. गरीब माणसाला खोली मिळण्यात भाड्यापेक्षा मोठा अडसर असतो डिपॉझिटचा. महिन्याला चार-पाच हजार भरणारं कुटुंब एकदम पंधरा हजार कुठून आणणार? ते व्याजानं काढतात, आणि मग भाडं आणि व्याज दोन्ही भरत बसतात. दुसरा अडसर कागदाचा. बहुतेकांकडे भाडेकरार नसतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदवलेला हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. हे ना भाडेकरूला ठाऊक, ना कित्येक मालकांना. करार नसला की पत्त्याचा पुरावा नाही, पुरावा नसला की पुढचे दहा कागद अडतात. आम्ही घरमालकांशी भांडत नाही. त्यांच्याकडे जाऊन चहा पितो आणि करार केल्यानं तुमचाही फायदा कसा आहे ते सांगतो. दहापैकी सहा-सात जण ऐकतात.

पैशाचं. एका ताईंनी गटाचं कर्ज घेतलं होतं. वसुलीवाला माणूस सकाळी सातला दारात येऊन उभा राहायचा. शेजारी बघायचे, मुलगी लाजेनं शाळेला जायची नाही. मुलगी शाळेत का येत नाही, या चौकशीतून ते कर्ज आम्हाला कळलं. रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे सूक्ष्म कर्जांबाबतचे निर्देश आहेत. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर कर्जदाराला फोन करून तगादा लावायचा नाही. हप्ता दोघांनी ठरवलेल्या जागी घ्यायचा, आणि सलग दोनदा माणूस तिथं आला नाही तरच घरी जायचं. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. आम्ही एवढंच एका कागदावर लिहून तक्रार दिली. वसुलीवाला यायचा थांबला. कर्ज माफ झालं नाही, ते त्या फेडतातच आहेत. मुलगी मात्र शाळेत जाऊ लागली. आणि परवाना नसलेला सावकार असेल तर त्याची तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते, २०१४ चा सावकारी नियमन कायदा त्यासाठीच आहे. आपल्या गावात हे वाक्य मी जरा मोठ्यानं बोलते.

सरकारी मदत मिळत नाही असं आपण म्हणतो. बऱ्याचदा ती असते, फक्त पोचत नाही. वडील वारलेत, आई एकटी आहे, अशा मुलांसाठी राज्याची बाल संगोपन योजना आहे, महिन्याला २,२५० रुपये. आई असली तरी मिळते. पण आमच्याकडे आलेल्या पहिल्या चार विधवा आयांना ती फक्त अनाथ मुलांसाठी असते असं वाटत होतं. बांधकाम मजुरानं वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला देऊन कल्याणकारी मंडळात नोंदणी केली तर पहिल्या दोन मुलांना शिष्यवृत्ती मिळते. सातवीपर्यंत वर्षाला २,५०० आणि आठवी ते दहावी ५,०००, हजेरी आणि मार्कांच्या अटीवर. ज्या मुलाचा टॅबलेट मी काढला, त्याच्या वडिलांची ही नोंदणी नव्हती. हे मला नंतर सुचलं. आणि आपल्यासारख्या अनुदानित शाळेतल्या मुलांसाठी आठवीत एनएमएमएस परीक्षा असते. पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि मूल निवडलं गेलं तर नववी ते बारावी दर वर्षी १२,००० रुपये. आठवी, लक्षात घ्या. माझी मैत्रीण गळाली ती आठवीतच.

इथं माझ्या शिक्षणाचा थोडा उपयोग झाला, तेही सांगते. एका मुलीची शिष्यवृत्ती मंजूर झाली होती, पण पैसे दोन वर्षं आले नाहीत. आई प्रत्येक खिडकीवर जाऊन आली. प्रत्येक जण म्हणायचा, आमच्याकडून गेलेत. आणि सगळे खरं बोलत होते. हे पैसे आधारवरून जातात, आणि आधार ज्या खात्याला सगळ्यात शेवटी जोडलेला असेल तिथं जाऊन पडतात. मुलीचं एक खातं गावाकडच्या शाळेनं उघडलं होतं, दुसरं पुण्यात. आधार गावच्या खात्याला जोडलेला. दोन वर्षांचे पैसे तिथं पडून होते, पासबुक आजोबांच्या ट्रंकेत. मी फार मोठं काही केलं नाही, फक्त पैसा कुठून निघाला आणि कुठे पोचला हे एकेक टप्पा बघत गेले. आमच्या कामात आम्ही दिवसभर तेच करतो. आणखी एक. ज्यांचा जन्म विटा उचलण्यात गेला, त्यांच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात. रेशनच्या मशीनवर अंगठा लागत नाही. मशीन म्हणतं हा माणूस तो नव्हेच. अशी यंत्रणा बनवणारे माझ्यासारखेच लोक असतात, खुर्चीत बसून काम करणारे, बोटं शाबूत असलेले. हे मला टेबलावर बसल्याशिवाय कळलं नसतं.

शाळेचं शेवटी, कारण आपण शाळेत बसलोय. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम ५ मध्ये स्पष्ट लिहिलंय की दाखला मिळायला उशीर झाला म्हणून दुसऱ्या शाळेनं प्रवेश नाकारायचा नाही, लांबवायचाही नाही. कलम १४ म्हणतं, वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश अडवायचा नाही. कलम ४ म्हणतं, शाळा सुटलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवायचं. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी. हा कायदा वाचताना मी कलम ५ वर थांबले. आम्ही आठवीत होतो तेव्हा तो नव्हता. असता तर एका माऊलीला तिसऱ्या खेपेची गरज पडली नसती. पण आज तो आहे, आणि तरी दर जूनमध्ये आमच्या टेबलावर कुणीतरी येतंच, 'दाखला नाही म्हणून शाळेत घेत नाहीत' म्हणत. नुसता कायदा पुरत नाही. त्याची प्रत हातात घेऊन त्या आईबरोबर ऑफिसात जाणारा एक माणूस लागतो. त्यानं आवाज चढवायचा नसतो, नुसतं शेजारी उभं राहायचं. मी बघितलंय, नीट इस्त्री केलेले कपडे घातलेला माणूस बरोबर असला की 'उद्या या' आपोआप 'बसा' होतं. हे चांगलं नाही, पण आहे.

मदतीची रीत हा एक वेगळा विषय आहे. आम्ही डिपॉझिटचे पैसे उसने देतो, बिनव्याजी, जमेल तसे परत. आजवर ११ कुटुंबांना दिले. आठांनी पूर्ण फेडले, दोघांचे निम्मे आलेत, एक कुटुंब निघून गेलं. मला बरेच जण म्हणतात, अगं देऊनच टाक ना, कशाला परत घेतेस. एका बाईंनी शेवटचे ५०० रुपये आणून दिले तेव्हा त्या खुर्चीवर बसून चहा प्यायल्या. त्याआधी दोन वर्षं त्या टेबलाशी उभ्याच राहायच्या. त्या दिवशी मला उत्तर मिळालं. आणि आम्ही फोटो काढत नाही. मदत घेताना काढलेला फोटो त्या मुलाच्या वर्गातल्या कुणाच्या तरी मोबाईलवर पोचतोच.

आता कामाचं. आपल्या तुकडीनं जो निधी जमवलाय त्यातून डिजिटल फळा आणि प्रवेशद्वाराची कमान करायचं ठरतंय. फळ्याला माझा विरोध नाही, फळा हवाच. कमानीबद्दल मी विनंती करते की तिचे पैसे थांबवावेत आणि तीन गोष्टी कराव्यात.

एक, शाळेत महिन्यातून दोन शनिवार एक टेबल. आपल्यात काय नाही? दोघं बँकेत आहेत, एक वकील आहे, एक जण तहसील कार्यालयात, एकीचं महा-ई-सेवा केंद्र आहे, आणि आपले रिक्षावाले मित्र आहेत, ज्यांना गावातली प्रत्येक गल्ली माहीत आहे. प्रत्येकाची पाळी वर्षातून दोनदा आली तरी पुरे.

दोन, परतफेडीचा एक छोटा निधी. भाडं, डिपॉझिट, दवाखाना, एसटीचा पास, यासाठी. वर्गशिक्षकांनी सुचवायचं, दोन दिवसांत निर्णय, त्यावर कुणाच्या नावाची पाटी नाही. महिन्यानं मिळालेल्या पैशाचा उपयोग नसतो, तोवर खोली गेलेली असते.

तीन, आणि ही सगळ्यात महत्त्वाची, हिला पैसेही लागत नाहीत. कुठलंही मूल सलग आठ दिवस आलं नाही की शाळेनं आपल्याला एक फोन करायचा आणि आपल्यातल्या कुणीतरी त्या घरी जायचं. काही विचारायचं नाही फार. बसायचं, पाणी प्यायचं, आणि या महिन्याचं भाडं दिलं का, एवढं विचारायचं. त्या रकान्यात काहीही लिहिलं जाण्याच्या आधी.

मुख्याध्यापक मॅडमशी मी परवा बोलले. त्या म्हणाल्या, फोन मी स्वतः करीन, उचलायला माणूस द्या. आता ते आपल्या हातात आहे. मी पुण्यात असते, त्यामुळे माझा शनिवार ठरवून येईन. पहिला शनिवार माझा लिहून घ्या.

शेवटी माझ्या मैत्रिणीचं सांगते आणि थांबते, जेवणाचा वास यायला लागलाय.

ती सापडली. निपाणीजवळच असते. गेल्या महिन्यात मी तिच्याकडे गेले. तिनं मला बघितलं, क्षणभर ओळखलं नाही, मग म्हणाली, "आता आठवण झाली व्हय गं? तीस वर्सांनी?" आणि हसली. मी हसू शकले नाही. सून होती, सुनेच्या कडेवर नातू होता. मोठी नात पहिलीत आहे, तिची पाटी भिंतीला टेकवून ठेवलेली. मैत्रीण सुपात विड्या वळत बसली होती, बोलताना हात थांबत नव्हता. मधेच तिनं विचारलं, "माझं नाव हाय काय गं अजून शाळंत?" मी म्हटलं, आहे, रजिस्टरात आहे. ती म्हणाली, "काय लिवलंय पुढं?"

मी खोटं बोलले. म्हटलं, स्थलांतर.

मी तिला आज यायला सांगितलं होतं. गाडी पाठवते म्हटलं. ती म्हणाली, "येऊन फोटोत कुठं उभी ऱ्हाऊ? दहावीच्या रांगंत का आठवीच्या?" मला उत्तर देता आलं नाही, आणि ती आली नाही.

म्हणून संपादक मंडळाला माझी एक विनंती आहे. स्मरणिकेच्या शेवटी आपल्या तुकडीची यादी छापणार आहात, ती दहावीची छापू नका. पाचवीची छापा. ६८ नावं आणि नंतर आलेले तिघं, अशी ७१. आकारविल्हे, नावापुढे शिक्षण, हुद्दा, काही नको. मी तयार करून आणलीय, अंकाच्या मापात बसते. छापून झाली की एक प्रत मी निपाणीला घेऊन जाईन.